कार्यकर्त्याचा रविवार

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून ती मागणी पुढे केली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. त्याच काळात, १८८६ च्या मे महिन्यात, शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास स्वतःच्या मर्जीचे, असा त्यांचा हिशेब होता. विसावा आणि विरंगुळा ही धनिकांची चैन नसून श्रमिकाचा हक्क आहे, हे कामगार चळवळीने जगाला असे शिकविले.

या चळवळीचा वारसा सांगणाऱ्या संघटनांनी हा हक्क आपल्या कार्यकर्त्याला मात्र दिलेला नाही. सकाळी मोर्चा, दुपारी कचेरीत निवेदन, सायंकाळी बैठक, रात्री भित्तिपत्रके, असा त्याचा दिवस असतो. काही वर्षांनी तो अबोल होतो, मग चिडचिडा होतो आणि एक दिवस येईनासा होतो. ‘निष्ठा कमी पडली’ असा शेरा मारून शाखा मोकळी होते.

यंत्र झिजते म्हणून कारखानदार दरवर्षी घसारा बाजूला काढतो. माणसाच्या झिजेचा भार मात्र तो कामगाराच्या घरावर, बहुतांशी घरातील स्त्रीवर टाकतो. समाजवाद्यांचा भांडवलशाहीवर हाच आक्षेप आहे. संघटना जेव्हा कार्यकर्त्याचे श्रम बिनहिशेबी वापरते आणि त्याला त्याग हे नाव देते, तेव्हा ती वेगळे काय करते?

पूर्वसूरींना हे उमगले होते. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत बौद्धिकाइतकेच खेळांना आणि गाण्यांना स्थान होते. त्याचे कलापथक गावोगाव फिरले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये निघाले आणि पुढे याच शाहिरांच्या डफाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जाग्या ठेवल्या. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या भिन्न पक्षांच्या स्त्रिया एकत्र आल्या, तेव्हा लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. एरवी स्वयंपाकघरात एकेकटी झुरणारी बाई त्या थाळीनादात एकटी राहिली नाही.

अलीकडचे उदाहरण दिल्लीच्या सीमेवरचे आहे. नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ असे वर्षभराहून अधिक काळ शेतकरी तेथे ठाण मांडून होते. शेकडो शेतकरी त्या काळात दगावले. तरी आंदोलन टिकले, कारण लंगर चालू होता, वाचनालये उघडली होती आणि गावे पाळीपाळीने माणसे पाठवीत होती. एक तुकडी शेताकडे परतली की दुसरी तिची जागा घेई. तीन कायदे शेवटी मागे घ्यावे लागले.

‘लोक उपाशी असताना आनंद कसला?’ असा प्रश्न येईल. प्रश्न प्रामाणिक आहे. पण थकलेला, एकाकी कार्यकर्ता उपाशी माणसाच्या उपयोगी पडत नाही. मात्र आनंद म्हणजे वर्षातून एकदा भरणारे स्नेहसंमेलन नव्हे. गाणी चालू असताना चहा कोण करते आणि सतरंज्या कोण गुंडाळते, हेही पाहिले पाहिजे. त्या नेहमीच्याच बायका असतील, तर तो आनंद अर्ध्यांचाच ठरतो. शिवाय गाण्याने चूल पेटत नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन वेळेवर पोहोचणे हा आपुलकीचा पहिला पुरावा आहे.

करावयाचे ते साधे आहे. आठवड्यातील एक दिवस प्रत्येक शाखेने बैठकीविना ठेवावा. जबाबदाऱ्या पाळीने फिराव्यात. आजारी सहकाऱ्याच्या घरी कोणीतरी डबा घेऊन जावे. महिन्यातून एकदा कार्यक्रमपत्रिकेशिवाय, घरच्या मंडळींसह एकत्र जेवावे. जो येईनासा झाला त्याच्याकडे जाब विचारायला नव्हे, तर विचारपूस करायला जावे.

लोखंडे यांनी मिळविलेला रविवार सव्वाशे वर्षांहून जुना झाला. तो चळवळीच्या स्वतःच्या अंगणात अजून यावयाचा आहे.