विश्लेषण : लष्करी रेडिओ उणे २६९ अंशांवर कशासाठी?

ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकी फौजा कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर उतरल्या. भूदल आणि नौदलाचे रेडिओ परस्परांशी जुळत नाहीत, हे तेथे ऐन लढाईत उघड झाले. त्याच वर्षी आयबीएमने अतिसंवाहक (सुपरकंडक्टर) संगणकाचा प्रकल्प गुंडाळला आणि न्यूयॉर्क राज्यात हायप्रेस नावाची छोटी कंपनी त्याच तंत्रज्ञानावर उभी राहिली. या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी संबंध नव्हता. पुढे तो आला.

रेडिओ एकमेकांशी का बोलत नाहीत?

पारंपरिक रेडिओत अँटेनाने पकडलेला संदेश मिक्सर, फिल्टर अशा सर्किटांतून टप्प्याटप्प्याने खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणला जातो. त्यानंतरच त्याचे अंकांत, म्हणजे डिजिटल स्वरूपात रूपांतर होते. ही सर्किटे ठरावीक फ्रिक्वेन्सीपट्ट्यासाठीच बनवलेली असतात. त्यामुळे विमानाशी बोलायला एक संच, नौकेशी दुसरा, उपग्रहासाठी तिसरा. यावर उपाय म्हणून ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ची कल्पना आली. यंत्र एकच ठेवायचे आणि सॉफ्टवेअर बदलून त्याचे काम बदलायचे. अमेरिकेने १९९७ मध्ये ‘जेटीआरएस’ हा असा सामाईक रेडिओ बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. अब्जावधी डॉलर खर्चूनही त्यातील वाहनांवर बसवायचा प्रमुख संच २०११ मध्ये रद्द करावा लागला.

घोडे कुठे अडते?

अँटेनाजवळच. कल्पना पूर्णत्वाला न्यायची तर अँटेनातला संदेश थेट अंकांत बदलायला हवा, सेकंदाला अब्जावधी वेळा मोजून आणि तोही अचूक. युद्धनौकेवर तर स्वतःचीच रडार आणि प्रक्षेपक यंत्रे शेजारी गर्जत असतात. त्या गदारोळात उपग्रहाकडून येणारा क्षीण संदेश वेचायचा, म्हणजे ढोल-ताशा पथकाशेजारी उभे राहून कुणाची कुजबुज ऐकण्यासारखे. शत्रूने मुद्दाम गोंगाट सोडला, तर आणखीच कठीण.

अतिसंवाहक चिप वेगळे काय करते?

काही धातू अतिथंड केले की त्यांचा विद्युतरोध शून्य होतो, हे १९११ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे कामरलिंग ओन्नेस यांना आढळले. अशा दोन धातूंमध्ये विद्युतरोधकाचा अतिसूक्ष्म थर ठेवला तर काय होईल, याचे भाकीत ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केले. त्यासाठी त्यांना १९७३ चे नोबेल मिळाले. या जोडातून ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की काही पिकोसेकंदांचा विद्युतस्पंद उमटतो. प्रत्येक स्पंदाचे ‘माप’ निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांनीच ठरलेले असते, त्यात उणे-अधिक होत नाही.

खरी गोम इथे आहे. साधी चिप येणारा संदेश एका प्रमाण व्होल्टेजशी ताडून पाहते आणि ते प्रमाणच थोडे ढळू शकते. अतिसंवाहक चिप तोच संदेश एकसारखी नाणी मोजावीत तसा मोजते. या स्पंदांवर चालणारी तर्कसर्किटे १९८५ च्या सुमारास मॉस्कोत लिखारेव, मुखानोव आणि सेमेनोव यांनी मांडली. त्यांच्यातील एक साधे सर्किट १९९९ मध्ये ७७० गिगाहर्ट्झवर चालवून दाखवण्यात आले. हायप्रेसच्या संचाने पुढे अमेरिकी लष्कराच्या न्यू जर्सीतील फोर्ट मॉनमाउथ तळावर उपग्रहाचे एक्स-बँड संदेश थेट अंकांत पकडले. तेव्हा तंत्रज्ञान चालते का, हा प्रश्न उरला नाही.

मग ते सैनिकाच्या पाठीवर का नाही?

फ्रिजमुळे! चिप निओबियम धातूची असते. ती ४ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला काम करते. तेथे एक दशांश वॅट उष्णता काढून टाकायला बाहेर हजार वॅटहून अधिक वीज लागते, शिवाय कॉम्प्रेसर आलाच. नौका किंवा उपग्रह संपर्काचे जमिनीवरील केंद्र हे ओझे पेलू शकते. जीप आणि पायदळ नाही. दरम्यान, साध्या तापमानात चालणाऱ्या सिलिकॉन चिपही वेगवान होत गेल्या. अचूकतेत त्या कमी पडल्या तरी फ्रिज लागत नाही, एवढ्या एका सोयीने खरेदीचे पारडे त्यांच्याकडे झुकते.

भारताची वाटही तूर्त तीच आहे. संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी नौदलाच्या ‘एसडीआर-टॅक’ या सॉफ्टवेअर रेडिओसाठी हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचा करार केला. डीआरडीओच्या डेहराडून प्रयोगशाळेचा सहभाग असलेला हा संच नौकेवरच बसतो. जिथे अतिसंवाहक रेडिओचे गणित निदान मांडता येईल, अशी जागा हीच.

सध्या या चिपना मागणी दिसते ती क्वांटम संगणकाकडून. हायप्रेसमधूनच निघालेली सीक ही कंपनी क्वांटम संगणकाच्या नियंत्रणासाठी याच प्रकारची सर्किटे बनवते. तिथे फ्रिज आधीच लावलेला असतो.