गाठीचा तुकडा घेण्याआधीचे गणित

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. कर्करोगाच्या गाठीत मात्र निरनिराळे जनुकीय बदल झालेल्या पेशी शेजारी शेजारी वाढतात. शिवाय अशा गाठीतली हजारो जनुके एकाच वेळी तपासली जातात. म्हणून ‘कर्करोगाचे जनुक सापडले’ ही बातमी वाचली की आधी विचारावे, किती जनुके तपासली होती? माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. शेकडा ५ चूक चालवून घेणारी नेहमीची कसोटी प्रत्येकाला लावली, तर एकाचाही रोगाशी संबंध नसताना हजारेक जनुके दोषी ठरतील. २०१३ मध्ये फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे १७८ नमुने जुन्या पद्धतीने तपासले, तेव्हा ४५० जनुके संशयित निघाली; त्यांत वास ओळखणारीही पुष्कळ होती! फुप्फुसाला वासाशी काय देणेघेणे? झाले होते ते असे: पेशी दुभंगताना ज्या जनुकांची नक्कल उशिरा होते त्यांत बदल जास्त साठतात आणि जी जनुके पेशीत निपचित पडून असतात त्यांची डागडुजी कमी होते. जनुकाची सक्रियता आणि नक्कल होण्याची वेळ हिशेबात धरल्यावर यादीत ११ उरली.

यावर डॉक्टर म्हणतील, इतकी कडक चाळणी लावली तर खरी जनुकेही गळतील, आणि रुग्णाला थांबायला वेळ नसतो. आक्षेप रास्त आहे. त्यावर बेंजामिनी आणि हॉचबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच मार्ग दाखवला: यादीत खोटी नावे असणारच, पण सरासरी किती टक्के असू द्यायची ते आधी ठरवा. मग नव्या रुग्णांवर पडताळा घ्या. खारघरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आणि कल्याणीची जीनोमिक्स संस्था ज्या भारतीय प्रकल्पात होत्या, त्याने हेच केले. तंबाखू चघळणाऱ्यांत आढळणाऱ्या गाल-हिरड्यांच्या कर्करोगाचे आधी ५० रुग्ण तपासले, मग आणखी ६० जणांवर पडताळा घेतला. डोके व मानेच्या इतर कर्करोगांतली ओळखीची जनुके तर मिळालीच, शिवाय काही या रोगाचीच खास निघाली. परदेशी यादी जशीच्या तशी उचलली असती, तर ही निसटली असती.

दुसरा आक्षेप मला कच्चा वाटतो: आता हे सगळे संगणकच करतो, मग संख्याशास्त्रज्ञ कशाला? समजा, गाठींचे नमुने सोमवारी एका रसायनाने तपासले आणि निरोगी ऊतींचे गुरुवारी दुसऱ्याने. जनुकांच्या सक्रियतेत दिसलेला फरक रोगाचा की वाराचा, हे नंतर कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. संख्याशास्त्रज्ञ हवा तो आकडे आल्यावर नव्हे, नमुने घेण्याआधी. पन्हाळ्याच्या वाड्या-वस्त्यांवरून मिश्री लावणारी एखादी बाई तोंडातली न भरणारी जखम दाखवायला कोल्हापुरात उतरते, त्याच शहरात शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे. तिच्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी घ्यायचा असेल, तर तो बाटलीत पडण्याआधी त्या विभागात एक फोन गेला पाहिजे.