राक्षसांवर मालकी कोणाची?

सामाईक कुरणांना कुंपण घालूनच भांडवलशाही वाढली. आता तिचे कुंपण लोककथेतील राक्षसांपर्यंत येऊन पोहोचले आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ १९७४ साली निघाला. खेळणारे टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात, कथेतील पात्रे होतात आणि राक्षसांशी झुंजतात. हे राक्षस आले कोठून? मेडुसा व मिनोटॉर ग्रीक पुराणांतून, ट्रोल उत्तर युरोपच्या लोककथांतून आणि ‘राक्षस’ तर नावानिशी भारतीय महाकाव्यांतून. अशा उसन्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या खेळाची आजची मालक हॅसब्रो ही बडी कंपनी आहे.

२००० साली तिच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या शाखेने ‘खुला परवाना’ जाहीर केला. खेळाचे नियम व पुष्कळशा राक्षसांची वर्णने इतर प्रकाशकांना वापरता येऊ लागली. मात्र बेहोल्डर, माइंड फ्लेअर यांसारखी नावे कंपनीने राखून ठेवली आणि परवाना घेणाऱ्याने ती वापरू नयेत अशी अट घातली. वस्तुतः कॉपीराइट संरक्षण देतो ते लिहिलेल्या शब्दांना व काढलेल्या चित्रांना. कल्पनेला, खेळाच्या पद्धतीला वा नुसत्या नावाला नव्हे. म्हणजे कायद्याने जे बव्हंशी सर्वांचेच होते, त्याचे दान करून कंपनीने दातृत्व मिरवले आणि वर अटीही लादल्या!

निर्मात्याला मोबदला नको काय, असे कोणी विचारील. अवश्य हवा. परंतु वेतनावर राबणाऱ्या लेखक-चित्रकाराच्या निर्मितीचा हक्क अमेरिकन कायद्याने मालकाकडेच जातो. तेव्हा निर्मात्याच्या नावाने गळा काढणे मक्तेदारांना शोभत नाही.

या दानाचे खरे रूप जानेवारी २०२३ मध्ये उघडे पडले. जुना परवाना रद्द करून साडेसात लाख डॉलरवरील वार्षिक विक्रीवर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क उकळण्याचा मसुदा बाहेर फुटला. वीस वर्षे छोट्या प्रकाशकांनी व खेळणाऱ्यांनी श्रमाने वाढविलेल्या पिकावर हा खंड होता. खेळणाऱ्यांनी वर्गण्या बंद केल्या, निषेधाचा पाऊस पाडला. २७ जानेवारीस कंपनीने माघार घेतली; जुना परवाना कायम राहिला आणि मूळ नियमांचा दस्तऐवज, त्यातील राक्षसांसह, मागे घेता न येणाऱ्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला झाला. आज श्रेयनिर्देश करून तो कोणीही वापरू शकतो. तरीही कुंपण पुरते हटलेले नाही. त्या दस्तऐवजातील राक्षसाचे वर्णन मुक्त आहे. कंपनीच्या ग्रंथातील त्याचे चित्र मात्र नाही.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मालकाच्या मर्जीने मिळते ती सवलत. मालकाला परत घेता येत नाही तो हक्क. सवलतीचे हक्कात रूपांतर झाले ते कंपनीच्या सद्बुद्धीमुळे नव्हे, संघटित नकारामुळे. सामाईक वारशाच्या सीमा कंपनीच्या कागदाने ठरू नयेत, लोकांच्या कायद्याने ठराव्यात. कुरण असो वा कथा, जागता पहारा ठेवील त्याचीच ती राहील.