दगडावर शेत पिकवणाऱ्या बेटावर चार मुक्काम



या सदरात मी नेहमी बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी लिहितो. आज जरा बांधापलीकडची गोष्ट सांगतो. पण शेवटी ती आपल्याच बांधावर येणार आहे, एवढे ध्यानात ठेवा.

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये नोकरीला आहे. गेल्या जूनमध्ये त्याने मला आणि सौ.ला बोलावून घेतले व मोटारीने लुइस-हॅरिसला नेले. नावे दोन असली तरी बेट एकच आहे. उत्तरेचा भाग लुइस, दक्षिणेचा हॅरिस. स्कॉटलंडच्या वायव्येला, 58 अक्षांशाच्या आसपास हे बेट आहे. जूनमध्ये तिथे रात्री दहालाही वर्तमानपत्र वाचता येते. अलापूल बंदरातून मोटारीसकट बोटीत चढायचे, पावणेतीन तासांत स्टॉर्नोवे गाव येते. उन्हाळ्यात बोटीत मोटारीची जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. हिंदुस्थानचे पहिले सर्व्हेअर जनरल कर्नल कॉलिन मॅकेन्झी याच स्टॉर्नोवेचे.

गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची. मात्र बरेच रस्ते एकेरी, आपल्या शिवाररस्त्याएवढे. ठिकठिकाणी बाजूला रुंद जागा ठेवलेली असते. समोरून गाडी आली की तिथे थांबायचे आणि हात वर करून रामराम करायचा. मेंढ्या रस्त्यात बसल्या तर त्या उठेपर्यंत थांबायचे.

पहिल्या दिवशी कॅलनिशचे उभे दगड पाहिले. सुमारे 5000 वर्षांपूर्वी माणसांनी ते रिंगण करून रोवले. पुढे आर्नोल गावी जुने ‘काळे घर’ जपले आहे. जाड दगडी भिंती, वर गवताचे छप्पर, एकाच छपराखाली एका बाजूला माणसे आणि दुसऱ्या बाजूला गुरे. चूल मध्यभागी, धुराडे नाही. धुराने काळे झालेले छपराचे गवत काढून शेतात खत म्हणून घालत. आपल्या आजीच्या राखेच्या आणि उकिरड्याच्या हिशेबाची आठवण झाली. चुलीत ‘पीट’ जाळतात. दलदलीतली शेकडो वर्षे कुजत आलेली वनस्पती विटांसारखी कापून वाळवायची आणि गोवऱ्यांसारखी रचून ठेवायची.

मुक्कामाला गेरॅननची जागा पाहण्यासारखी आहे. तिथली अशीच घरे 1974 साली शेवटच्या रहिवाशांनी सोडली. पुढे ती दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली. भिंती जुन्या, आत गरम पाणी. त्याशिवाय शेतकऱ्यांच्या घरी एक-दोन खोल्या आणि सकाळची न्याहारी अशी सोय बऱ्याच गावांत मिळते. उत्तर टोकाचे लाल विटांचे दीपगृह, हॅरिसचा लस्कंटायरचा पांढऱ्या वाळूचा किनारा आणि रोडेलचे जुने दगडी चर्च चुकवू नका. वारा पडला की चिलटांसारख्या माश्या चावतात. तेवढी तयारी हवी.

आमची एक फजिती सांगतो. शनिवारी संध्याकाळी हॅरिसमध्ये पोहोचलो, शिधा घ्यायचा राहून गेला. रविवार तिथे देवाचा वार. दुकाने बंद, दोरीवर कपडेसुद्धा कोणी वाळत घालत नाही. सौ. माळकरी, त्यामुळे मासळी-मटण वर्ज्य. घरमालकीण साठीची होती. तिने काही न विचारता उकडलेले बटाटे, दूध, लोणी आणि ओटची भाकरी पुढे ठेवली.

जेवताना तिने शेत दाखवले. पूर्व किनाऱ्यावर नुसता खडक. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी पश्चिमेच्या सुपीक जमिनीत मेंढ्या पाळायला कुळे हुसकली, ती इथे आली. त्यांनी समुद्रातले शेवाळ पाठीवरून वाहून खडकावर थर दिले आणि वाफे करून त्यांत बटाटे व धान्य पिकवले. त्या वाफ्यांच्या सऱ्या डोंगरावर अजून दिसतात.

पुढे 1886 साली कायदा झाला. कुळाला हुसकता येईना, खंड वाजवी ठरू लागला, जमीन मुलाकडे जाऊ लागली. आपल्या 1948 च्या कूळकायद्याची आठवण यावी असाच तो. गायरानही आहे. कोणाची किती मेंढरे चरायची, ते गावाची समिती ठरवते. लोकरीचे हॅरिस ट्वीड बेटावरच्याच माणसाने आपल्या घरी हातमागावर विणले तरच ते नाव लावता येते, असा 1993 चा कायदा आहे. आपल्या घोंगडीलाही असे कवच मिळायला हवे, असे वाटून गेले.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. असे शेत ज्याच्या नावावर असेल, त्याने 32 किलोमीटरच्या आत राहिले पाहिजे आणि जमीन कसली पाहिजे किंवा चांगल्या कामी लावली पाहिजे. पोरे शहरात जातात, घरे सुट्टीवाल्यांना विकली जातात, ही चिंता तिथेही आहेच. मग तिने मला विचारले, “तुम्ही शेतीखात्यातले. तुमची जमीन कोण कसते?”

बंधूंनो, मी खाली मान घातली. गावी आमची साडेतीन एकर आहे. भाऊ पुण्यात, मी बदलीच्या गावी. सहा वर्षे तिथे बाभळी माजल्या आहेत. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन माती-परीक्षण शिकवणाऱ्या माणसाच्या शेतात कुसळे!

परत आल्यावर भावाशी बोललो. गावातला चुलतभाऊ अल्पभूधारक आहे. त्याच्याशी रीतसर लेखी करार करून जमीन त्याच्याकडे दिली. बाभळी काढल्या, बांध बांधून घेतले. यंदा तूर आणि बाजरी पेरली आहे. पीक बेताचे येईल, पण जमीन जागी झाली.

परदेशी जाणे सगळ्यांना जमेल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. मात्र आपल्या गावात पडीक राहिलेला एखादा तुकडा तुमचा किंवा तुमच्या भावकीचा असेल, तर पाऊस लांबायच्या आत घरात बसून तेवढे बोलून घ्या. करार मात्र लेखी करा. तोंडी शब्दाने भाऊबंदकी वाढते.

पुढच्या अंकी तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी.