भुताचे खरे नाव काय?

दिवाळीच्या फराळात एखादा पदार्थ कमी पडला तर चालतो, पण फराळ खाता खाता घालायला एखादा वाद हवाच. मोठ्या माणसांचे वाद ठरलेले असतात. गाणे पूर्वीचे चांगले की आताचे, लाडू बेसनाचा की रव्याचा, नाटक पाहण्यात मौज अधिक की वाचण्यात. ह्या वादांचा निकाल लागत नाही आणि लागू नये अशीच सर्वांची मनातून इच्छा असते. मुलांचा वाद मात्र अगदी वेगळा असतो आणि तो वडील मंडळींच्या चटकन ध्यानात येत नाही. तो असा: भुताखेतांच्या एखाद्या व्हिडिओ गेममध्ये गोष्ट एक सांगितली आणि त्याच खेळावर निघालेल्या कादंबरीत दुसरी सांगितली, तर त्यांतली खरी कोणती धरायची?

"अरे, दोन्ही बनवलेल्याच, त्यात खरी कुठली आली?" असे म्हणून आपण पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. पण हे उत्तर काही बरोबर नव्हे. शेरलॉक होम्स कधी जन्माला आला नाही हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरीही तो बेकर स्ट्रीटवर राहत नसून दुसरीकडे कोठेतरी राहत होता असे कोणी म्हटले, तर आपण लगेच त्याची चूक काढतो. कल्पित गोष्टीलाही तिचे स्वतःचे खरेखोटे असते. धर्मपीठाने मान्य केलेल्या ग्रंथांना इंग्रजीत 'कॅनन' म्हणतात. १९११ साली रोनल्ड नॉक्स ह्यांनी बायबलच्या पंडितांची चिकित्सा थट्टेने होम्सच्या कथांना लावून दाखवली. पुढे होम्सच्या भक्तांनी तो शब्दही उचलला: डॉयलसाहेबांच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा एवढेच कॅनन, बाकीचे इतरांनी लिहिलेले. आपण त्याला 'प्रमाण' म्हणू. तेव्हा मुलांचा प्रश्न असा की, भयाच्या खेळावर लिहिलेली कादंबरी त्या खेळाच्या बाबतीत प्रमाण मानावी काय?

ह्याचे तीन मासले पाहू.

पहिला 'रेसिडेंट इव्हिल'चा. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा खेळ १९९६ साली आला. रानातला एक ओसाड वाडा, त्यात हिंडणारी प्रेते आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी 'अंब्रेला' नावाची औषधांची कंपनी. एस. डी. पेरी ह्या लेखिकेने १९९८ पासून २००४ पर्यंत ह्या मालिकेवर सात कादंबऱ्या लिहिल्या. पाच खेळांच्या कथांवर बेतलेल्या, दोन सर्वस्वी तिच्या कल्पनेतल्या. आता मौज पाहा. मूळ खेळात आरंभीच तुम्हाला विचारतात, ख्रिस होऊन खेळता की जिल होऊन? ख्रिस झालात तर वाड्यात रिबेका भेटते. जिल झालात तर तिच्या ऐवजी बॅरी. म्हणजे कोणत्याही एका डावात चौघांची गाठ पडत नाही. तरी पुढच्या खेळांनी चौघेही त्या वाड्यातून जिवंत सुटले असे धरून चालवले! खेळणाऱ्याच्या हाती जी कथा कधी आलीच नाही ती सलग लिहून काढण्याचे काम कादंबरीला करावे लागले. ही लेखिकेची कामगिरी लहान नव्हे. पण तिने स्वतः रचलेली दोन साहसे आणि ट्रेंट नावाचा तिचा गूढ मदतनीस ह्यांना खेळांनी कधी दारात उभे केले नाही. नवे खेळ येत गेले तसतसे दोन्ही कथांचे सांधे निखळत गेले. इथे निकाल सोपा आहे: पुस्तके वाचनीय, पण प्रमाण नव्हेत.

दुसरा मासला 'डेड स्पेस'चा. २००८ सालच्या ह्या खेळात अंतराळातल्या जहाजावर एक विचित्र पंथ भेटतो आणि तो ऑल्टमन नावाच्या कोणा प्राचीन पुरुषाला प्रेषित मानतो. ब्रायन एव्हन्सन ह्यांच्या २०१० मधल्या 'मार्टर' ह्या कादंबरीत ह्या ऑल्टमनची हकीकत आहे, आणि गंमत म्हणजे त्या बिचाऱ्याला पंथाशी काही कर्तव्यच नव्हते. पुस्तक वाचले नाही तर खेळात काही अडत नाही. वाचले तर प्रेषिताचे नाव निघताच मनात चर्र होते. असा संबंध असावा. त्यावर कोणी भांडत बसत नाही.

खरे भांडण तिसऱ्या मासल्यापाशी आहे. 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' हा खेळ स्कॉट कॉथन ह्या अमेरिकन गृहस्थांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. मुलांना रिझवणारे एक पिझ्झाचे हॉटेल आहे. तेथे अस्वल, ससा, कोंबडी आणि कोल्हा अशी यंत्राची चार सोंगे आहेत आणि तुम्ही रात्रपाळीचे पहारेकरी आहात. रात्री बारापासून सकाळी सहापर्यंत खुर्चीवरून उठायचे नाही. कॅमेऱ्यातून सोंगे कोठे आहेत ते पाहायचे आणि जवळ आली की दार लावायचे. वीज मात्र मोजून मापून मिळालेली. दार लावून बसलात तर ती लवकर संपते. कथा कोणी सरळ सांगत नाही. टेलिफोनवर एक आवाज येतो, भिंतीवर वर्तमानपत्राचे एक कात्रण कधीकधी दिसते, त्यात मुले नाहीशी झाल्याची बातमी. बस्स. उरलेले ज्याने त्याने जुळवायचे. दुसऱ्या भागात खुनी दिसला, तोही नुसती जांभळ्या रंगाची ओबडधोबड आकृती. मुलांनी त्याचे नाव ठेवले जांभळा माणूस.

"काय गं, मग ह्या जांभळ्या माणसाचे खरे नाव काय?" मी भाचीला विचारले.

"मामा, ते पुस्तकात आहे. खेळात नंतर आलं!"

आणि हे अक्षरशः खरे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कॉथन ह्यांनी किरा ब्रीड-रिस्ली ह्यांच्याबरोबर लिहिलेली 'द सिल्व्हर आइज' ही कादंबरी निघाली. चार्ली नावाची मुलगी दहा वर्षांनी आपल्या गावी परतते आणि ते बंद पडलेले हॉटेल तिला एका अर्धवट बांधलेल्या बाजाराच्या पोटात दडलेले सापडते. विल्यम ॲफ्टन हे खुन्याचे नाव प्रथम ह्या पुस्तकात छापले गेले. खेळात ॲफ्टनचा उच्चार झाला तो २०१६ च्या ऑक्टोबरात. म्हणजे इथे ओढा उलटा वाहिला, पुस्तकातून खेळात. तरीही खुद्द कॉथन ह्यांनी खुलासा केला की, पुस्तके आणि खेळ ह्यांचे कथाप्रवाह वेगळे समजावेत, एकात एक बसवू पाहू नयेत. कादंबरीमालेच्या तिसऱ्या भागात चार्लीविषयी जो मोठा उलगडा होतो, तो इथे सांगून मुलांचे शाप घेत नाही. पण तो खेळाला लावू गेलात तर काही जमत नाही.

येथवर ठीक होते. पण पुढे पाहा. २०२२ पासून 'टेल्स फ्रॉम द पिझ्झाप्लेक्स' ह्या कथामालेत 'मिमिक' नावाचे, दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र आले. मग २०२३ साली 'रुइन' ह्या खेळात कॅसी नावाची मुलगी मित्राच्या हाकेमागे पडक्या इमारतीत खोल खोल उतरते, आणि तळाशी कळते की हाक मित्राची नव्हेच. नक्कल करणारे काहीतरी तिथे बसले आहे. भीती वाटायला एवढे पुरे आहे. पण हे 'काहीतरी' कोण, कोठून आले, हे ज्याने पुस्तके वाचली त्यालाच ठाऊक होते. २०२५ साली तर त्या यंत्राच्या नावाचाच स्वतंत्र खेळ आला.

आता ह्यात बिघडले काय? एकच हात दोन्हीकडे लिहीत असेल तर दोन्ही प्रमाण का मानू नयेत? हा युक्तिवाद पोकळ नाही. शिवाय पुष्कळ घरांत भयाच्या खेळाला मनाई असते आणि पुस्तकाला मुभा. अशा मुलाची ह्या जगाशी पहिली ओळख पुस्तकातूनच होते. त्याला जाऊन 'तुझी गोष्ट खरी नव्हे' म्हणणे म्हणजे पंगतीतून उठवण्यासारखेच आहे.

तरीही दोन गोष्टी आड येतात. पहिली खिशाची. खेळ विकत घेणाऱ्याने एक पुरी वस्तू घेतलेली असते. तिच्या कुलपाची किल्ली दुसऱ्या दुकानात, निरनिराळ्या पुस्तकांत वाटून ठेवली असेल, तर ते कथाकथन नसून उधारीचे खाते झाले. ज्या मुलाला ती पुस्तके मिळत नाहीत ते मित्रांच्या घोळक्यात मुके होते. आणि कारण त्याची बुद्धी नसते, बापाची मिळकत असते. दुसरी गोष्ट भयाची. भयकथेचा जीव अर्धवट उघड्या दारात असतो. कादंबरीला दार पुरे उघडून आत बसायला लागते. तिला खुन्याचा बाप, त्याचे बालपण, त्याचे दुःख सांगावे लागते, कारण दोनशे-तीनशे पाने नुसत्या सावलीवर लिहिता येत नाहीत. जांभळ्या माणसाला नाव मिळाले तेव्हा कथेला एक पात्र मिळाले हे खरे. पण एक भूत कमी झाले हेही खरे.

तेव्हा आमचा निवाडा असा: खेळाने स्वतः जेवढे उचलले तेवढे प्रमाण, बाकीचे नव्हे. ॲफ्टनचे नाव प्रमाण, चार्लीची कहाणी नव्हे. मिमिक प्रमाण, पण त्याची ओळख खेळातच पटायला हवी. पुस्तकाने ती गडद करावी, तिची जागा घेऊ नये.

आणि प्रमाण नाही म्हणजे टाकाऊ, असे मात्र कोणी समजू नये. २०१४ साली 'स्टार वॉर्स'च्या मालकांनी जुन्या कादंबऱ्या प्रमाणातून वगळल्या, तेव्हा ज्यांनी त्या वाचीत तरुणपण घालवले त्यांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. त्यांनी आपल्याकडे पाहावयास हवे होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ती पूर्ण झाली. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही आपल्या सर्वांच्या आवडीची कथा पंडितांनी मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. म्हणून काय ती आज्यांनी सांगायची थांबवली? संहितेला शिस्त हवी आणि गोष्टीला माया हवी; एकीने दुसरीचे काम करू नये.

घरात हा वाद पेटला तर 'दोन्ही खोट्या' म्हणून तो विझवू नका. मुलांना फक्त एवढे विचारा, "कशावरून?" मग पाहा, कोणते पुस्तक आधी, कोणता खेळ नंतर, निर्माता स्वतः काय म्हणाला, हे सारे साल-तारखांसह तुमच्यापुढे मांडले जाईल. शाळेतल्या इतिहासाच्या तासाला जो पुरावा मागूनही निघत नाही, तो फराळाच्या ताटावर आपण होऊन निघेल. एवढे करवून घेणाऱ्या भुताला चार दिवस घरात राहू द्यायला हरकत नसावी.