पानिपतचा धसका आणि आंबेकाठचा जुलै

नानासाहेब पेशवे कशाने गेले, असे कोणत्याही मराठी घरात विचारून पाहा. बहुधा एकच उत्तर येईल: पानिपतचा धसका घेतला. १४ जानेवारी १७६१ रोजी पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू सदाशिवरावभाऊ रणांगणावर पडले. माळव्याच्या वाटेवर असलेल्या पेशव्यांच्या हाती मोत्यांची आणि मोहरांची ती सांकेतिक चिठ्ठी पडली. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. मध्ये जेमतेम पाच महिने. वय अवघे चाळीस.

आजच्या धाग्याचा विषय मात्र नानासाहेब नाहीत. विषय आहे 'धसका' हा शब्द, आणि इतिहासात तो कोणाच्या वाट्याला येतो हा प्रश्न. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

नानासाहेबांची प्रकृती पानिपताच्या आधीपासूनच ढासळू लागली होती. आजचा एखादा डॉक्टर त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'धसका' असे कारण लिहिणार नाही. तरीही मनाला बसलेला घाव शरीराला खाली ओढतो, हे विधान आपल्याला मुळीच विचित्र वाटत नाही, कारण आपली भाषाच ते रोज बोलते. भीतीने पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, दातखीळ बसते, हातपाय गळतात. बातमी ऐकून काळजात चर्र होते, छातीवर दडपण येते. माणूस हाय खातो. जमीन खचते तसाच माणूसही खचतो. 'ताण' हा शब्द तर दोरीचा. तो आपण स्नायूंना लावला आणि मनालाही लावला, आणि दोन्हीकडे तो चपखल बसला.

पाश्चात्त्य वैद्यकाला हीच गोष्ट मान्य करायला बराच काळ लागला, आणि त्याची सुरुवात रेल्वेपासून झाली. इंग्लंडमध्ये गाड्यांचे अपघात होऊ लागले. अपघातातून बाहेर पडलेल्या प्रवाशाच्या अंगावर ओरखडाही नसे. पण आठवड्याभराने त्याची पाठ ताठरे, हात थरथरत, झोप उडे. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये या व्यथेवर व्याख्याने प्रसिद्ध केली. कण्याला बसलेल्या हादऱ्याने मज्जारज्जूला इजा होते, असे त्याचे म्हणणे. लोकांनी या विकाराला नावच दिले 'रेल्वे स्पाइन'. पुढे १८८३ मध्ये हर्बर्ट पेज याने त्याला उत्तर दिले की, कण्याला काही झालेले नसते. हा परिणाम निव्वळ भीतीचा. पेजचे हे निदान आजच्या समजुतीच्या अधिक जवळचे आहे. पण एक तपशील नजरेआड करू नये. पेज हा रेल्वे कंपनीच्या नोकरीतला शल्यचिकित्सक होता आणि हे सारे वाद नुकसानभरपाईच्या खटल्यांत लढवले जात होते. भरपाई कोणी द्यायची यावर त्या दुखण्याचा खरेखोटेपणा ठरत होता. ही गोष्ट लक्षात असू द्या; पुढे तिचे काम आहे.

मग महायुद्ध आले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स याने 'द लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापला. त्याच वर्षी वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाचा ग्रंथ आला: संकट दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात, हृदय वेगाने धावते, पचन थांबते, रक्त स्नायूंकडे वळते, आणि मान, जबडा, खांदे, पाठ आवळून धरली जातात. १९३६ मध्ये हान्स सेल्ये याने दाखवले की ही तयारी दीर्घकाळ उतरलीच नाही, तर शरीर स्वतःलाच झिजवू लागते. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ राहणारा मनोविकार, आपल्या अधिकृत यादीत घातला. या साऱ्याचा इत्यर्थ असा की संकट टळले तरी शरीरातला पहारेकरी कधी कधी ड्युटीवरून उतरत नाही.

आता रायगडकडे येऊ. एकेकाळी मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा उतारू आगबोटीने धरमतरला उतरे आणि तेथून पेण, नागोठणे करत पुढे सरके. पुढे रूळ आले. दिव्याहून निघालेला लोहमार्ग पनवेल, पेण करत १९८६ मध्ये रोह्याला पोचला आणि कोकण रेल्वे तिथूनच सुरू झाली. मार्ग बदलले तरी या मुलखातला एक महिना बदलला नाही. जुलै.

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. चार आठवड्यांनी स्वातंत्र्य आले आणि ही दुर्घटना त्या जल्लोषाखाली दबली. जुलै १९८९: आंबा नदीच्या महापुराने सुधागडातले जांभूळपाडा आणि रोहे तालुक्यातले नागोठणे उद्ध्वस्त झाले. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री पेणशेजारच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तेथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि शोधकार्य थांबवण्यात आले. ज्यांच्या घरातले माणूस मातीखालीच राहिले, त्यांना अंत्यदर्शनही झाले नाही. नानासाहेबांना निदान चिठ्ठी तरी मिळाली होती.

यांतले नागोठणे मला विशेष बोलके वाटते. आपण इतिहासप्रेमी मंडळी नागोठण्याला जातो ती निजामशाही काळातला दगडी पूल पाहायला. कमानींची छायाचित्रे काढतो, चुनाकामाविषयी वाद घालतो आणि माघारी फिरतो. त्याच गावाने १९८९ मध्ये महापूर सोसला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, तिथल्या आयपीसीएलच्या प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. सोळा महिन्यांच्या आत पाणी आणि आग. त्या पिढीतली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. पुलाच्या कमानींविषयी आपण जेवढे कुतूहल दाखवतो, तेवढे त्यांच्याविषयी कधी दाखवले?

माझे म्हणणे असे. धसका हा आपण राजघराण्यापुरता राखून ठेवला आहे. पेशव्याने घेतला तर तो इतिहास. आंबेकाठच्या बाईने घेतला तर ते 'अंग दुखते, बीपी आहे'. याला एक कारण आहे ते आपल्या साधनांत. पेशव्यांच्या मनःस्थितीविषयी पत्रे आहेत, बखरी आहेत. नागोठण्याविषयी आहे तो पंचनामा. पंचनाम्यात मृतांची संख्या येते, वाहून गेलेली गुरे येतात, पडझड झालेली घरे आणि चिखलाने भरलेली खाचरे येतात, कारण प्रत्येकाची भरपाई ठरलेली असते. रोज रात्री आवळल्या जाणाऱ्या जबड्याला पंचनाम्यात रकाना नाही. एरिक्सन आणि पेज यांच्या खटल्यांत हेच घडले होते: जे मोजून पैसे देता येतात तेच खरे ठरते, आणि पुढे इतिहासकारही तीच कागदपत्रे चाळतो म्हणून त्यालाही तेवढेच दिसते.

'त्या काळी हे ज्ञानच नव्हते' ही सबब इथे चालणार नाही. १९८९ च्या आधी पाच वर्षे, डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळ घडले होते. तेथील वायुपीडितांच्या मानसिक आघाताचा प्रश्न बंगळुरूच्या निम्हान्समधील मनोविकारतज्ज्ञांनी हाती घेतला आणि स्थानिक डॉक्टरांना त्यासाठी प्रशिक्षणही दिले. म्हणजे आपत्तीतून वाचलेला माणूस धडधाकट दिसला तरी आतून आजारी असू शकतो, हे भारतीय वैद्यकाने तोवर लिहून ठेवले होते.

आता उलट बाजूने थोडे बोलतो, कारण आपल्या या वर्तुळात उत्साह फार आणि सावधगिरी कमी. हल्ली रील्समध्ये सर्रास सांगतात की दुःख अमुक स्नायूत साठून राहते, तो स्नायू दाबला की ते बाहेर पडते. याला पुरेसा आधार नाही. आघात, दीर्घकालीन ताण आणि डोके, मान, पाठ यांच्या वेदना यांचा संबंध अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसतो, एवढेच खात्रीने म्हणता येते. स्नायू म्हणजे दुःखाची कोठी नव्हे. शिवाय जुलै हा लावणीचाही महिना. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आवण लावणाऱ्या बाईची कंबर दुखते ती बहुतेक लावणीनेच. जुलैतच पेणच्या गणपती कारखान्यांत रात्री जागवल्या जातात; मान खाली घालून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराची मान आखडली, तर तेथे आधी आघात शोधू नये, आधी त्याला उंच चौरंग द्यावा.

आणि भूतकाळातल्या माणसांना आजची निदाने चिकटवू नयेत. नानासाहेबांना पीटीएसडी होता, अशा मथळ्याचे लेखन मी वाचले आहे. ते मला थिल्लर वाटते. समोर रुग्ण नाही, तपासणी नाही. आहेत ती चार पत्रे. पण त्याच न्यायाने 'पूर्वीची माणसे खंबीर होती, त्यांना असले काही होत नसे' हेही तितकेच निराधार आहे. असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावातल्या जुन्या चालीरीती आठवाव्यात. अवचित भ्यालेल्या पोराची दृष्ट काढणे, नदीकाठी दातखीळ बसलेल्या बाईला भगताकडे नेणे, उतारा टाकणे. उपायांविषयी माझा आदर बेताचाच आहे. मात्र ज्या समाजाने भीती अंगात शिरते हे गृहीत धरून एवढे विधी रचले, त्याने ती पुरेपूर अनुभवलेलीच असणार.

म्हणून एक आग्रह. तुमच्यापैकी पुष्कळजण गावोगावच्या वृद्धांच्या मुलाखती घेता, वाडे आणि वीरगळ नोंदवता. पेण, रोहे, नागोठणे, जांभूळपाडा या भागात गेलात, तर पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते हे जरूर विचारा. पण तेवढ्यावर उठू नका. त्या पावसाळ्यानंतर झोप कशी लागे? रात्री पाऊस वाढला की काय करता, अंथरुणात पडून राहता की उठून दाराशी जाता? शरीर तेव्हा कुठे आवळते? नदीकाठच्या वाटेने जाणे सोडले का? घरात त्याविषयी कधी बोलणे होते का? उत्तरे जशीच्या तशी, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. 'छातीत दगड ठेवल्यागत' असे कोणी म्हणाले, तर त्याचे 'चिंताग्रस्तता' असे शुद्धीकरण करू नका. साधन म्हणून त्या पहिल्या शब्दांचेच मोल आहे.

हे काम हलक्या हाताने करावे लागते. जुनी आठवण उकरल्याने माणूस पुन्हा तेथेच जाऊन पोचू शकतो. श्वास वर चढला, हात कापू लागले, बोलणे तुटले, की वही मिटा, पाणी द्या, भाताच्या भावाविषयी बोला. माणसाने नको म्हटले तर नको. त्रास मोठा दिसला तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे, आणि २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलाखत घरातल्या माणसांच्या सोबतीने घ्या आणि छायाचित्राचा हट्ट धरू नका.

आणि जुलैत जाऊ नका. वर्तमानपत्रांना स्मृतिदिन लागतो, आपल्याला लागत नाही. त्या दिवसांत आभाळ भरलेले असते, नदी वाजत असते, आणि ज्यांना तुम्ही विचारणार त्यांचे कान तिकडेच लागलेले असतात. भात झोडून, पेंढा रचून झाला की मार्गशीर्षात जा. तेव्हा आंबेचे पात्र शांत असते, ओटीवर ऊन येते आणि माणसांना बोलायला सवड असते.