नव्या गुडघ्याला श्रमांची जोड हवी

सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा मुक्रर केली, तेव्हापासून केवळ धनिकांचा समजला जाणारा हा इलाज धुळ्याच्या सामान्य कुटुंबांच्याही आवाक्याजवळ आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु शस्त्रक्रियेने सांधा नवा मिळाला, तरी चालण्याचे बळ मांडीच्या स्नायूंना पुन्हा कमवावे लागते, याचा घरी परतताच आपल्याला विसर पडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अंथरुणाकडे दाबणे, घोटे वरखाली हलविणे, टाच सरकवीत गुडघा हळूहळू काटकोनापर्यंत वाकविणे, हा नित्यक्रम दुखण्याच्या भयाने टाळणाऱ्याचा सांधा आखडतो.

सातपुड्यातील सालईचा डिंक आणि बांधावरची निर्गुडी यांविषयी आपल्या लोकांना वाटणारा आदर मी अनाठायी मानत नाही; तथापि ओल्या जखमेवरील पाल्याचा लेप जंतुसंसर्गाला निमंत्रण देतो, पोटरीत रक्ताची गुठळी असता केलेली मालिश प्राणांवर बेतू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत घेतलेली हळदीची वा गुग्गुळाची औषधे रक्तस्राव वाढवू शकतात. म्हणून वनौषधी घ्यावी ती जखम पूर्ण भरल्यावर आणि शल्यचिकित्सकाच्या संमतीनेच. व्यायामाला मात्र पर्याय नाही. तो शिकविणाऱ्या तज्ज्ञाची तजवीज शिरपूर-साक्रीसारख्या प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्हावी, अशी प्रशासनास आग्रहाची विनंती आहे.